कुर्ल्यांची पळण

मी पाणी भरतो. विहिरीचं नव्हे, नळाचं नव्हे, समुद्राचं. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी "मुलगा काय करतो?" असं विचारलं, तेव्हा आमच्या मामाने अत्यंत गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं होतं, "समुद्र-संशोधनात आहे." सासरे खूश. लग्नानंतर ते एकदा मालवणला आले आणि जावयाचं संशोधन बघायला खाडीवर गेले. जावई लेंगा वर खोचून गुडघाभर चिखलात उभा होता, गढूळ पाण्याची बाटली डोळ्यांपुढे धरून तिला नाट्यपद ऐकवत होता. त्या दिवशी सासऱ्यांनी सोलकढी दुसऱ्यांदा मागितली नाही.

गाण्याचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचं काम आहे. जत्रेतल्या नाटकांत मी राक्षसाची कामं करतो. आवाज दांडगा आहे, सूर बेताचा. होडी वल्हवताना आणि पाणी भरताना मी मोठ्याने गातो. वैज्ञानिक कारण असं काही नाही. खाडी ऐकते आणि उठून जाऊ शकत नाही, असा श्रोता दुसरा कुठे मिळणार? खाडीकाठच्या बायका घड्याळ न बघता सांगतात, "बावटो इलो. ओहोटी लागली."

बावटो म्हणजे मी. लाल बावटा. ते नाव कसं पडलं, तेही सांगतो. पण आधी धंदा समजून घ्या.

आंब्याला मोहोर येतो तसा समुद्रालाही येतो. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, सूक्ष्म शैवाल. मासे, कोळंबी, शिंपले सगळे शेवटी त्यांच्यावरच जगतात, म्हणून त्या हव्यातच. पण कधीकधी त्यांना ऊत येतो. पावसाने शेताबागांतलं खत आणि गावाचं सांडपाणी वाहून आणलं, वाऱ्याने खोल समुद्रातलं गार, खतावलेलं पाणी वर ढकललं, मग वारा पडला, ऊन तापलं आणि खाडीचं तोंड वाळूने बुजून पाणी तुंबलं की झालं. एका रात्रीत खाडी हिरवी, तांबडी किंवा चहाच्या रंगाची होते. यातले बहुतेक मोहोर निरुपद्रवी असतात. काही पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. आणि काही मोजक्या जाती विष बनवतात. ते विष शिंपल्यांत साठतं. शिंपल्याला त्याचं काही होत नाही. होतं ते खाणाऱ्याला. त्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि शिजवून ते जात नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्यातल्या राक्षसाच्याही अंगावर काटा आला होता. परिस्थिती बिघडली की या जाती बीज धरतात आणि तळाच्या गाळात जाऊन झोपतात. वर्षानुवर्षं. आपण वर पोहतो, होड्या हाकतो, आणि खाली काळोखात ती झोपलेली असतात. मग एखादा वाळू उपसणारा ड्रेजर गाळ ढवळतो, नाहीतर मोठा पूर येतो, आणि ती जागी होतात.

माझं काम ठरलेल्या जागी जाऊन पाणी भरणं, त्यात आयोडीनचे थेंब टाकणं आणि बाटल्या आमच्या केंद्रात डॉक्टर मॅडमसमोर ठेवणं. मॅडम शास्त्रज्ञ. घाटावरच्या, शाकाहारी, आणि आयुष्य घालवलं तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, पोटात काय आहे ते बघण्यात. एवढ्या वर्षांत थोडंफार मलाही सूक्ष्मदर्शकातलं ओळखता येऊ लागलं.

या धंद्यात गिऱ्हाइकंही अजब भेटतात. एका वर्षी तिन्हीसांजेला लाटा फुटताना निळ्या चमकू लागल्या. हाही एक मोहोरच. पर्यटक वेडे झाले. एक होमस्टेवाला माझ्याकडे बर्फी घेऊन आला आणि कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, पुढल्या शनिवारी परत लावूक गावात काय? पुण्याची पार्टी येतली हा." मी बर्फी खाल्ली आणि सांगितलं की बटण मॅडमकडे असतं. तो बिचारा मॅडमकडे गेला. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता बावट्याचं. एकदा मार्चच्या सुमारास समुद्र पिस्त्याच्या आइस्क्रीमसारखा हिरवा झाला. वरून हुकूम आला, खबरदारीची पाटी लावा. मी लावली, शिवाय लाल कापड बांधलं, आणि आवाज देवाने दिलाच आहे म्हणून बाजारात उभं राहून ओरडलोही. आठवडाभर मासळीला कुणी हात लावला नाही. शेवटी निघालं काय, तर तो मोहोर विषारी नव्हताच. कुणाच्या पोटात साधं दुखलंही नाही.

त्या आठवड्यात फिलूमायने मला बाजारात गाठलं. फिलूमाय म्हणजे फिलोमीना, आमच्या खाडीवर तिसऱ्या काढणाऱ्यांत सगळ्यांत तरबेज बाई. विधवा, साठीच्या आसपासची, कमरेला कोयती आणि जिभेलाही. चिखलात टाच दाबून ती सांगते, हय आसत, थय नाय. पुढ्यातली न विकलेल्या तिसऱ्यांची पाटी तिने माझ्या पायांशी आदळली.

"घी मेल्या. आता तूच खा आणि मरान दाखय. मेलंस नाय तर माजी पाटी भरून दी."

"फिलूमाय, सरकारी हुकूम होतो गो."

"सरकाराक आवाज खंय आसा? आवाज तुझो होतो. लाल बावटो मेलो!"

तेव्हापासून मी बावटा. पोरंसोरंसुद्धा मला खऱ्या नावाने ओळखत नाहीत.

आता मुख्य अंकाचा पडदा वर करतो.

फिलूमायच्या गावात गावपळण होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि कौल मिळाला की अख्खा गाव हद्दीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही मुलं, खाटेवरची म्हातारी, सगळे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे. हद्दीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या घालून तीन रात्री काढायच्या, मग पुन्हा कौल घेऊन परतायचं. तोवर गावात चिटपाखरू राहता कामा नये. असं का, याची कारणं दहाजण दहा सांगतात. मॅडम म्हणतात, जमिनीला विसावा मिळतो. जुनी माणसं म्हणतात, ते दिवस गाव दुसऱ्यांचा असतो. दुसरे कोण, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस कोसळला. खाडी तांबड्या गाळाने भरली, मग एकाएकी वारा पडला आणि भर थंडीच्या दिवसांत घाम फुटावा असं ऊन पडलं. मॅडम म्हणाल्या, "या आठवड्यात एकही जागा चुकवू नका." आणि माझी एक जागा नेमकी त्या गावच्या धक्क्यापुढे. आणि नेमकी तेव्हाच पळण.

मी दाजींकडे गेलो. दाजी गावचे मुख्य मानकरी. किरकोळ अंगाचे, पान चघळत विचार करणारे, आणि विचार पूर्ण होईपर्यंत समोरच्याला उभं ठेवणारे.

"दाजी, माका तुमच्या धक्क्याकडचा पाणी व्हया."

"पळणीत?"

"पळणीतच. पाऊस पडान गेलो, पाणी रोज बदलता हा."

"पळणीत गावात पाय घालूचो नाय."

"पाय नाय घालणय. होडीतसून भरतंय."

पान या गालातून त्या गालात गेलं. "पाण्याक हद्द नसता," दाजी शेवटी म्हणाले. "पण होडी धक्क्याक लावलंस, तर ती जमीन."

"आणि वल्ह्यान धक्क्याक वायच रेटलंय तर?"

"मगे तुजो तू आणि ते तेंचे."

सगळे हसले. मीही हसलो. 'ते' कोण, हे विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

पळणीचा दुसरा दिवस. राहुट्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर होत्या, रस्त्याला लागून. सकाळी तिथून निघालो तेव्हा तीरावर नुसती जत्रा होती. चुली पेटलेल्या, गुरं हंबरत होती, एकीकडे भजनाचे टाळ. फिलूमाय आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या फोडत बसली होती. आदल्या दिवशीच्या ओहोटीला तिने आणि तिच्या सोबतिणींनी पाट्या भरभरून काढल्या होत्या. सगळ्या राहुट्यांना दुपारी फिलूमायच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं, असा बेत होता. "लवकर ये रे बावट्या," ती ओरडली, "नायतर शिंपले चाटूक गावतले."

मी गात निघालो. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत मागचे आवाज ऐकू येत होते. मग ते बंद झाले. कमी होत होत गेले नाहीत, बंद झाले. वारा नव्हता, पाणी तेल ओतल्यासारखं. समोर गाव.

माणसं झोपलेला गाव मी पाहिलेला आहे. हा झोपलेला नव्हता. कड्या लावलेली दारं, रिकाम्या दोऱ्या, धूर नसलेली कौलं. एरवी धक्क्यावर होडी बघताच भुंकणारी कुत्री नाहीत. कावळेसुद्धा नव्हते, कदाचित माणसांच्या मागोमाग तेही पलीकडे गेले असतील. भर दहा-अकराचं ऊन आणि सगळं लख्ख दिसत होतं, एवढं लख्ख की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. माझं पद अंतऱ्यावर आलं होतं. माझाच आवाज बंद घरांवर आपटून परत आला आणि मला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता बोलतोय. मी गप्प झालो.

आणि गप्प झाल्यावर मला तो आवाज ऐकू आला.

धक्क्यावर कुणीतरी होतं. सुक्या पानांवरून खराटा फिरवावा तसं खर्र, खर्र. थांबत नव्हतं. एक माणूस झाडतोय असं वाटावं, मग दहा माणसं झाडताहेत असं. दिसत मात्र कुणीच नव्हतं. राक्षसाची कामं करणाऱ्या माणसाने खरं सांगावं. मी वल्हं छातीशी धरलं होतं आणि मनातल्या मनात दाजींना सांगत होतो, टेकवलं नाही, वल्हं टेकवलं नाही.

होडी आपोआप थोडी पुढे सरकली आणि धक्क्याच्या पायऱ्या दिसल्या.

पायऱ्या हलत होत्या.

कुर्ल्या. खेकडे म्हणा. चिखलातल्या मोठ्या काळपट कुर्ल्या, लहान तांबड्या, पाठीवर पिल्लांएवढ्या आणखी लहान, एकमेकींना तुडवत पाण्यातून वर चढत होत्या. कवचं दगडावर घासत होती, त्याचा तो आवाज. धक्का भरला होता. पुढे गेलेल्या कुर्ल्या धक्क्यावरून वाटेला लागल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या बंद घरांमधून, सावकाश, आडव्या चालीने, जणू वहिवाटच होती. पाण्याच्या कडेला सापासारख्या वाम माशांनी तोंडं वर काढली होती. शेवटे मासे पृष्ठभागाला ओठ लावून आ वासत होते. एकही मासा पळाला नाही. माझी सावली अंगावर पडली तरी पळाला नाही. माणसांनी गाव रिकामा केला होता आणि खाडी उठून गावात चालली होती.

एवढ्या वर्षांची सवय मोठी वाईट. मी बाटली काढली आणि पाणी भरलं. रंग कोऱ्या चहाचा. खाडीचा नेहमीचा चिखलाचा वास अजिबात नव्हता. भरताना एक कुर्ली वल्ह्यावरून चढून होडीत आली. तिला परत पाण्यात टाकायला माझा हात होईना. पाणी उपसायच्या डब्यात घातली आणि निघालो. मागे बघितलं नाही. खराटा फिरतच होता.

तीरापासून थोडं दूर थांबून पेटीतला लहान सूक्ष्मदर्शक काढला. काचेवर थेंब ठेवला. ओळीत ओवलेल्या मण्यांसारखी माळ दिसली. आणि ती माळ पोहत होती. मग दुसरी. मग काच भरून माळा. विष बनवणाऱ्यांतली एक जात अशीच माळ धरून पोहते. भिंगाला मोबाइल लावून फोटो मॅडमना पाठवला. तत्काळ फोन आला.

"हे कुठलं?"

मी सांगितलं. कुर्ल्यांचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "कुर्ल्या प्राणवायू संपल्यामुळे बाहेर पडल्या असाव्यात. पण या माळा... तिथे तिसऱ्या काढतात का?"

"चुलीवर आहेत, मॅडम."

"थांबवा. मांसाची तपासणी बाहेरून करून घ्यावी लागेल, त्याला वेळ लागेल. विष असेलच असं मी आत्ता सांगू शकत नाही. पण खाऊ देऊ नका."

खात्री नाही पण खाऊ नका. हे वाक्य जगातल्या कुठल्याही नटाला द्या, टाळी मिळणार नाही. आणि माझ्या नावावर तर पिस्त्याचा तो आठवडा जमा होताच.

तीरावर उतरलो. खोबऱ्याच्या वाटपाचा, कोकमाचा वास असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मोठा टोप चुलीवरून उतरला होता. केळीची पानं मांडली जात होती. मी एक पालथी पाटी घेतली, तिच्यावर चढलो आणि राक्षसाच्या आवाजात ओरडलो, "तिसऱ्यो कोणी खाव नुको!"

हशा पिकला. "इलो! लाल बावटो इलो!" कुणीतरी टाळ वाजवले. "बावट्या, आज समुद्राचो रंग खयचो? गुलाबी?"

मी शास्त्र सांगायला घेतलं. सूक्ष्म शैवाल, विष, तपासणी. एक म्हातारा म्हणाला, "जेवणाच्या वेळार याच्या तोंडात काय पण येता." पानावर भात पडू लागला. फिलूमाय ओगराळं हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तो बाजारातला दिवस स्पष्ट दिसत होता.

तेव्हा मी डबा उलटा केला.

कुर्ली वाळूवर पडली. तीरावर पन्नास कुत्री-मांजरं होती, पण ती कुणाला भ्याली नाही. खाडी चार हातांवर होती, पण तिकडे गेली नाही. पाण्याकडे पाठ करून ती रस्त्याच्या बाजूला चालू लागली. लोक बाजूला होत गेले, तिला वाट देत.

"दाजी," मी म्हणालो. आता ओरडलो नाही. "ही तुमच्या धक्क्यावरली. असल्यो शेकड्यांनी आसत. पाणी सोडून वर येतत. वाटेर चलतत. तुमी गाव सोडलात, त्यांनी खाडी सोडली. कुर्ल्यांनी पळण केली हा, दाजी."

दाजींचं पान गालातच थांबलं. कुणी हसलं नाही. ज्या माणसांनी काल आपल्याच घराला कडी लावून पाठ फिरवली होती, त्यांना घर सोडणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. टाळ खाली ठेवले गेले. कुणीतरी पोराच्या हातातला घास काढून घेतला.

"कुर्ल्यो गेल्यो," दाजी सावकाश म्हणाले. "वाम?"

"तोंडां वर काढून आसत. जावक गावता तितके गेले."

"आणि तिसऱ्यो?" मागून कुणीतरी विचारलं.

उत्तर फिलूमायने दिलं. टोपाकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"तिसऱ्यांका पाय नसतत."

फिलूमायने टोपावर झाकण ठेवलं. मग हाताची बोटं तोंडाशी नेली, ओठांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. जसं अंधारात काडेपेटी चाचपावी.

"बावट्या," ती म्हणाली, "माजे ओठ खंय गेले रे?"

स्वयंपाक करणारी बाई मीठ बघते. शिजल्या का, हेही बघते. तिने चार-दोन तिसऱ्या मघाशीच तोंडात टाकल्या होत्या.

कुणाचा तरी टेम्पो होता. मागे गोणपाटं टाकून तिला निजवलं, मी आणि तिची सून शेजारी बसलो. जवळच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि थांबू न देता जिल्ह्याच्या इस्पितळाकडे पिटाळलं. वाटेत मी तिला बोलतं ठेवलं. बोटांना मुंग्या आल्या म्हणाली. मग बोटंच नाहीशी झाली म्हणाली. कट्टा गावच्या बाजारातून टेम्पो जाताना तिने डोळे उघडले. "हयच्या बायलांका सांगू नुको," ती म्हणाली, पण शब्द ओले, जड, दारू प्यायल्यासारखे पडत होते. नाताळातही वाईनला शिवत नाही ती बाई. "हसतल्यो."

"नाय सांगणय."

"आवाज... कमी कर."

मी कुजबुजतच होतो.

या विषावर उतारा नाही. डॉक्टरांनी ते तिच्या सुनेला आडवळण न घेता सांगितलं. विष नसांना झोपवतं. श्वासाच्या स्नायूंना झोपवलं, तर यंत्राने श्वास द्यायचा आणि विष आपोआप उतरेपर्यंत वाट बघायची. माणूस त्या वेळात शुद्धीवर असतो. सगळं ऐकतो, सगळं कळतं, हलता येत नाही. मी काचेतून बघत होतो. तोंडात यंत्राची श्वासाची नळी, छातीला वायरी, डोळे छताला लागलेले. मला गाळातली ती बीजं आठवत होती. काळोखात, जिवंत, निपचित.

संध्याकाळ उलटून गेल्यावर तिच्या उजव्या हाताची तर्जनी हलली. सुनेने ओरडून मला बोलावलं. मी आत डोकावलो, तर त्या बोटाने फिलूमाय मला बाहेर हो म्हणून खुणावत होती. तेव्हा मी ओळखलं, वाचली.

बाकी कुणाला काही झालं नाही. टोप खड्डा खणून पुरला होता, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दाजींनी स्वतः वर दगड रचले होते. मांसाच्या तपासणीचा अहवाल पुढे यथावकाश आला. मॅडमचा अंदाज बरोबर होता. परतीचा कौल मिळाला, गाव गावात गेला, आणि घरोघरी माणसांना कुर्ल्या सापडल्या. वाळून कोळ झालेल्या. ओटीवर, तुळशीच्या कट्ट्यावर, एक तर फिलूमायच्या दारातल्या क्रुसाच्या पायरीवर, घरात शिरता शिरता राहिल्यासारखी.

इथे पडदा पडला असता तर मी नायक ठरलो असतो. पण पुढे असं झालं की माझा तो प्रवेश फारच रंगला. 'कुर्ल्यांची पळण' खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरली, मिठबावपर्यंत पोचली. आता तिसऱ्या काढायच्या आधी बायका कुर्ल्यांची बिळं बघतात. कुर्ल्या घरात असल्या की तिसऱ्या चांगल्या. झाला नियम. मी घसा फोडून सांगतो, बायांनो, कुर्ल्या पळाल्या त्या श्वास कोंडला म्हणून. विष वेगळं. त्या दिवशी दोन्ही एकदम आली, हा योगायोग. विष असतं आणि पाणी नितळ असतं, कुर्ल्या मजेत असतात, असंही होतं. मोहोर विरून गेल्यावरही तिसऱ्यांच्या पोटात ते आठवडे न आठवडे राहतं. त्या हसतात. "बावट्या, तूच तर सांगितलंस!" माझ्याच तोंडचं वाक्य माझ्यावर उलटावं, हे दुःख नटालाच कळेल.

यंदा भातकापणी आटोपल्यावर तेच झालं. खाडी इतकी नितळ होती की तळाची वाळू मोजून घ्यावी. सकाळी पाणी भरलं, काचेवर थेंब ठेवला. माळा होत्या. फार नव्हत्या, पण होत्या, आणि पोहत होत्या. मॅडमनी तिसऱ्यांचा नमुना मागितला आणि तोवर काढणी थांबवा म्हणून सांगितलं. तीरावर पंधरावीस बायका ओणव्या होत्या, पाट्या अर्ध्या भरलेल्या. मी हाका मारल्या.

"कुर्ल्यो घराक आसत रे!" एकीने मान वर न करता सांगितलं. खरंच होत्या. बिळाच्या तोंडाशी बसून नांग्या साफ करत होत्या.

मी धावत फिलूमायच्या घराकडे गेलो. ती मला क्रुसाच्या पायरीवरच भेटली. बसलेली. पाटी पालथी, कोयती कमरेला नाही. वर्षभरात ती पुन्हा खाडीवर जाऊ लागली होती, सगळ्यांच्या पुढे. आज एकटी घरी.

"तू गेलंस नाय?" मी धापा टाकत विचारलं.

"नाय."

"कित्या? कुर्ल्यो घराक आसत."

"आसत मां. मी काय कुर्ल्यांका इचारून जातंय?" बोलताना तिची बोटं ओठांवर गेली. ती सवय आता तिला लागून गेली आहे. "सकाळी तू पाणी भरूक इलंस, तेव्हा गाणा म्हणत इलंस. जाताना म्हटलंस नाय."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

"तेव्हा पळणीत पण," ती म्हणाली, "तू गात गेलंस आणि गप्प परत इलंस. मी टोपातली तिसरी तोंडात घालीत होतंय, आणि माका वाटला, हो आज गाणा नाय कित्या? पण इचारलंय नाय." ती उठली. "चल."

तीरावर जाऊन ती उभी राहिली. तिच्याकडे ना आवाज माझ्यासारखा, ना अभिनय. "अगो," ती म्हणाली, "बावटो गप्प आसा. वर येवा."

एकेक बाई सरळ झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, कारण एवढे प्रेक्षक आणि एवढी शांतता मला सहन होत नाही, आणि शास्त्रातलं एक झकास वाक्य जिभेवर आलंच होतं. फिलूमायने नुसता हात वर केला. मी तोंड मिटलं.

पाट्या परत खाडीत उलट्या झाल्या. तिसऱ्या नितळ पाण्यातून हेलकावत खाली गेल्या, वाळूवर टेकल्या, आणि आम्ही सगळे बघत असताना एकेक करून किंचित उघडल्या आणि पुन्हा पाणी पिऊ लागल्या.